इन्फोसिस सुरू झाली पुण्यात, मग मुख्यालय बंगळुरूला का गेलं?

साल १९८१. सात इंजिनिअर, दहा हजार रुपयांचं भांडवल आणि पुणे शहर. इन्फोसिसची सुरुवात अशी झाली. पण दोनच वर्षांत, १९८३ मध्ये, कंपनीचं मुख्यालय बंगळुरूला गेलं. तिचा सुरुवातीचा ग्राहक मायको, म्हणजे आजची बॉश, बंगळुरूत होता. जिकडे काम, तिकडे मुक्काम!

पण बाकीच्या कंपन्याही तिथेच का जमल्या?

त्यासाठी बरंच मागे जावं लागतं. जमशेदजी टाटांच्या कल्पनेतली भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये बंगळुरूत स्थापन झाली. जमीन दिली म्हैसूर संस्थानाने. १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी विमानांचा कारखाना काढला, तोही याच शहरात, याच संस्थानाच्या मदतीने. तोच आजचा एचएएल. स्वातंत्र्यानंतर टेलिफोन बनवणारी आयटीआय आली, भारत इलेक्ट्रॉनिक्स आली, पुढे इस्रोही आली.

थोडक्यात, सॉफ्टवेअरचं युग उजाडलं तेव्हा तंत्रज्ञान कळणारी हजारो माणसं या शहरात आधीच होती. १९८५ मध्ये अमेरिकेची टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळुरूत आली, तेव्हा तिला शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

मग पुण्याचं काय झालं?

पुणेही याच वाटेने पुढे आलं. जुनं इंजिनिअरिंग कॉलेज, टेल्को-बजाजसारखे कारखाने, संरक्षण संशोधन संस्था हे सगळं इथे होतंच. १९८८ मध्ये सी-डॅक आली आणि १९९१ मध्ये 'परम' महासंगणक तयार झाला. हिंजवडीचं आयटी पार्क उभं राहिलं ते त्यानंतर. आज तिथे इन्फोसिसचंही मोठं कॅम्पस आहे.

याचा तुमच्या शहराशी संबंध काय?

निवडणूक आली की 'आमच्याकडेही आयटी पार्क आणू' हे आश्वासन ठरलेलं. इमारत दोन-तीन वर्षांत बांधून होते, पण कुशल माणसं आणि त्यांना काम देणारे उद्योग जमायला कित्येक वर्षं लागतात. विदर्भ-मराठवाड्यातली मुलं पुण्याची गाडी पकडतात, कारण एक नोकरी सुटली तर तिथे दुसरी मिळते.

म्हणून पुढच्या वेळी कुणी आयटी पार्कची घोषणा केली, तर एवढंच विचारा: इथली पहिली नोकरी गेली, तर दुसरी याच शहरात मिळेल का?