अर्धांगाचा झटका आणि घरातली अ‍ॅस्पिरीन

अंगावरून वारे गेले, तोंड वाकडे झाले, जीभ जड पडली, की घरातले कोणीतरी हृदयविकारावरची अ‍ॅस्पिरीन रोग्याच्या तोंडात घालू पाहते. हेतू चांगला असतो; पण ही सवय आपण मोडलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्धांगवायूचे मुख्य प्रकार दोन. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बुजते. दुसऱ्यात ती फुटून मेंदूत रक्त सांडते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. खात्री पटते ती सीटी स्कॅननेच.

पाटाला भगदाड पडले की आपण ढेकळे टाकून पाणी अडवतो. रक्तातल्या प्लेटलेट हेच काम करतात. एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण दीड ते चार लाख असतात. अ‍ॅस्पिरीन त्यांना एकमेकींना नीट चिकटू देत नाही. गुठळीच्या रोग्याला हे उपकारक, वाहिनी फुटलेल्याला घातक ठरू शकते. शिवाय गोळीचा परिणाम झालेली प्लेटलेट आपले सात ते दहा दिवसांचे आयुष्य संपेपर्यंत तशीच राहते.

मग प्लेटलेटची पिशवी चढवा, असे डेंग्यूच्या साथी पाहिलेले लोक म्हणतात. याचीही परीक्षा झाली आहे. नेदरलँड्स, ब्रिटन व फ्रान्समधील १९० रोग्यांवरील अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. हे सारे अशा गोळ्या घेणारे व मेंदूत रक्तस्राव झालेले होते. ज्यांना प्लेटलेट दिल्या, त्यांच्यात मृत्यू व परावलंबन अधिक आढळले. शस्त्रक्रिया करायची असेल किंवा प्लेटलेट फारच घटल्या असतील, तर गोष्ट वेगळी. पण ते डॉक्टरांनी ठरवावे. नातेवाइकांनी हट्ट धरू नये.

कलघटगी, कुंदगोळ, नवलगुंदच्या शेतकरी बांधवांनो, अशा वेळी रोग्याला पाणी, अन्न, गोळी काहीही देऊ नका. १०८ ला फोन करा. जिथे सीटी स्कॅन होते अशा हुबळी-धारवाडच्या रुग्णालयातच न्या. झटका किती वाजता आला आणि रोगी कोणत्या गोळ्या घेतो, हे चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांना द्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली अ‍ॅस्पिरीन मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

मेंदूतील रक्तस्रावाचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब. विहीर ढासळण्याआधीच आपण ती बांधून घेतो ना? मग पेरणीच्या घाईतही रक्तदाब तपासून घ्या आणि मीठ बेताने खा.