'रांझणा'चा शेवट एआयने बदलला. पण तो बदलायचा हक्क कुणाचा?

1 ऑगस्ट 2025 ला 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती 'अंबिकापती' पुन्हा थिएटरमध्ये आली. 2013 च्या मूळ सिनेमात कुंदन शेवटी मरतो. नव्या आवृत्तीत तो जगतो. हा शेवट कुणी शूट केलेला नाही, तो एआयच्या मदतीने तयार केला गेला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष, दोघांनीही जाहीर विरोध केला. हक्क असलेल्या इरॉस कंपनीने मात्र निर्णयाचं समर्थन केलं.

आता तुम्ही म्हणाल, यात नाशिकचा काय संबंध? आहे, आणि बराच जवळचा आहे.

एआय सीन बनवतं तरी कसं?

असंख्य व्हिडिओ, फोटो आणि त्यांची वर्णनं दाखवून मॉडेल शिकवलं जातं. मग ते जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारख्या ठिपक्यांपासून सुरुवात करतं आणि टप्प्याटप्प्याने आपण लिहिलेल्या वर्णनाशी जुळणारं चित्र काढतं. पण कुंदन जगावा की मरावा, हे मॉडेल ठरवत नाही. ते माणूसच ठरवतो. म्हणूनच 'एआयने शेवट बदलला' हे वाक्य मला अर्धवट वाटतं.

फाळके काय वेगळं करत होते?

त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके हे स्वतः त्या काळातले पक्के टेक्नॉलॉजीवाले. छपाई, फोटोग्राफी सगळं शिकलेले. 1912 मध्ये लंडनला जाऊन सिनेमाचं तंत्र शिकले, कॅमेरा आणला. कुंडीतल्या वाटाण्याचा वेल वाढताना थोड्या थोड्या वेळाने चित्रित केला. आज आपण फोनमध्ये जे 'टाइमलॅप्स' बटण दाबतो, तेच! 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये निर्माता, दिग्दर्शक, लेखक ते स्वतःच होते. त्यामुळे शेवट कुणी ठरवायचा, हा वाद नव्हताच.

वाद पुढे आला. भांडवलदार भागीदारांसोबत नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, मतभेद झाले आणि फाळके बाहेर पडले. काशीला जाऊन त्यांनी 'रंगभूमी' नाटक लिहिलं. नंतर ते परतले. म्हणजे पैसा कुणाचा आणि कलाकृती कुणाची, ही ओढाताण एआयपेक्षा खूप जुनी आहे. फरक इतकाच, की तेव्हा शेवट बदलायला पुन्हा नट, सेट, कॅमेरा लागायचा. दिग्दर्शकाला आणि नटांना विचारावंच लागायचं. एआयने ही विचारण्याची गरजच काढून टाकली.

कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा 1957 मधलं कलम 57 सांगतं, की हक्क विकल्यानंतरही आपल्या प्रतिष्ठेला धक्का देणाऱ्या मोडतोडीला कर्ता हरकत घेऊ शकतो. छान! पण गोम अशी, की याच कायद्यात सिनेमाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाचं नाव त्या व्याख्येत नाही. माझ्या मते बदल व्हायला हवा तो इथे.

तुम्ही काय कराल?

नाशिकमध्ये शॉर्टफिल्म, रील्स, लग्नाचे व्हिडिओ करणारी बरीच पोरं आहेत. त्यांच्यासाठी तीन गोष्टी:

- हक्क दुसऱ्याला देताना करार लेखीच करा. लेखी नसेल, तर ते हस्तांतर कायद्याने धरलं जात नाही.
- त्यात मुदत लिहा. मुदत लिहिली नसेल, तर ती 5 वर्षं धरली जाते.
- 'एआयने बदल करण्याआधी लेखी परवानगी लागेल' ही ओळ आवर्जून टाका.

आणि हाच नियम उलटाही लावा. मित्राचा आवाज किंवा एखाद्याचं चित्र अ‍ॅपमध्ये टाकण्याआधी त्याला विचारा. अ‍ॅप तुम्हाला थांबवणार नाही, पण विचारायला एक मेसेज पुरतो.