पाण्याखालच्या गावांचे नकाशे

लोणावळा, मावळ आणि मुळशी हा मुलूख भारतीय सर्वेक्षण खात्याच्या ४७ एफ या विभागात मोडतो. मैलाला एक इंच या प्रमाणावरचे त्याचे धरणापूर्वीचे आणि धरणानंतरचे नकाशे शेजारी-शेजारी मांडले, की साम्राज्यशाहीची दृष्टी कशावर खिळली होती ते उमगते.

बोरघाटातून आगगाडी १८६३ मध्ये सुरू झाली. तो मार्ग खोदताना हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी मेले. नकाशात बोगदे आहेत, पूल आहेत, गाडीची दिशा उलटवणारे घाटातले स्थानकही आहे. मजुरांची खूण नाही. ते स्थानक १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे निकामी झाले, हा भाग वेगळा.

घाटाच्या दक्षिणेस नीला-मुळेचे खोरे लागते. धरणापूर्वीच्या नकाशात तेथे गावे, देवळे, पायवाटा आहेत. नंतरच्या नकाशात नुसते निळे पाणी. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटा कंपनीने येथे धरण बांधले. पन्नासहून अधिक गावांची आंबेमोहोराची खाचरे त्यापायी धोक्यात आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्या अग्रभागी होते. पुण्यातील सावकारांचे मन मात्र नुकसानभरपाईत गुंतले, कारण कित्येक जमिनींची कागदोपत्री मालकी त्यांच्याकडे होती. कसणारा एक आणि मोबदल्याचा धनी दुसरा! हा भेद कोणत्याही भूरचनेच्या नकाशात दिसत नाही. त्यासाठी गावनकाशा आणि जमिनीचे दप्तर सोबत ठेवूनच तो वाचावा लागतो.

तरीही हा जुना नकाशा कष्टकऱ्यांच्या उपयोगाचा आहे. येथे गाव होते, येथून वाट जात होती, ही ग्वाही त्यात खुद्द सरकारने दिलेली आहे. जलाशयाच्या काठी उरलेल्या माणसाने गावठाणाचा किंवा वहिवाटीचा हक्क सांगितला, तर कचेरीत आजोबांची आठवण चालत नाही, कागद लागतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांवरील बहुतेक निर्बंध सैल केले, पण त्याचा गाजावाजा झाला तो उद्योग आणि गुंतवणुकीच्या भाषेत. वाडीवस्तीपर्यंत त्यातले काय पोचले?

धरणापूर्वीचे नकाशे, गावनकाशांसह, पौडच्या तहसील कचेरीत आणि काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत विनामूल्य पाहावयास ठेवावेत आणि मागेल त्यास प्रमाणित नक्कल द्यावी, ही मागणी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांपासूनच लावून धरावी.