नजीबचा व्हिसा कुणी वाचला होता?

‘आडुजीवितम’ मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा २०२४ मध्ये, प्रदर्शित झाल्या झाल्या, पुण्याच्या मल्टिप्लेक्समध्ये ऑफिसच्या मित्रांबरोबर. बाहेर पडताना आम्ही सगळे पृथ्वीराजने घटवलेल्या वजनाबद्दल, वाळवंटाच्या दृश्यांबद्दल आणि ए. आर. रहमानच्या संगीताबद्दल बोलत होतो. दुसऱ्यांदा पाहिला तो गावी, रत्नागिरी जिल्ह्यात, मामूंच्या शेजारी बसून. मामू एकोणीस वर्षं दम्माममध्ये ड्रायव्हर होते. त्यांनी ना वजनाबद्दल काही म्हटलं, ना वाळवंटाबद्दल. सिनेमा सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “याचा इकामा कुणाच्या नावावर आहे?”

इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना. मला उत्तर देता आलं नाही. गंमत म्हणजे संपूर्ण सिनेमा याच एका प्रश्नावर उभा आहे, आणि पहिल्या वेळी माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. केरळमधला नजीब नदीत बुड्या मारून वाळू काढणारा मजूर. लग्न झालंय, सैनू गरोदर आहे, घर थोडं मोठं करायचंय. पैशांची जमवाजमव करून तो ओळखीतून मिळालेल्या व्हिसावर सौदीला जातो, बरोबर गावचा हकीम. विमानतळावर घ्यायला कुणी येत नाही. मग एक अरब गाडी घेऊन येतो, पासपोर्ट हातात घेतो आणि दोघांना वाळवंटात नेऊन वेगवेगळ्या ठिकाणी शेळ्या-मेंढ्यांमागे सोडतो. तिथून सुटायला नजीबला तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. बेन्यामिन यांची २००८ ची मूळ कादंबरी खऱ्या माणसाच्या अनुभवावर आधारलेली आहे, आणि बेन्यामिन स्वतः अनेक वर्षं बहारीनमध्ये नोकरीला होते. दिग्दर्शक ब्लेसी यांनी या एका सिनेमासाठी दहा वर्षांहून जास्त काळ दिला.

सिनेमा चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. माझी तक्रार वेगळी आहे. जवळजवळ तीन तासांच्या सिनेमात वाळवंटाला भरपूर वेळ मिळतो आणि कागदाला फार थोडा. व्हिसा कुणी काढला, त्यावर काम काय लिहिलं होतं, तो नजीबला कुणी वाचून दाखवला, हे सगळं भरकन जातं. मग समोर एक क्रूर अरब उरतो आणि एक सहनशील मल्याळी. म्हणूनच सिनेमा नेटफ्लिक्सवर आला तेव्हा वाद पेटला तो ‘अरबांची बदनामी केली की नाही’ यावर. खरं तर सिनेमात नजीबला रस्त्यावरून गाडीत घेऊन शहरापर्यंत सोडणाराही अरबच आहे. माणसं सगळीकडे दोन्ही प्रकारची असतात. मामूंचे पहिले मालक त्यांना ईदला मुलांसाठी कपडे द्यायचे, आणि त्याच मालकांनी नानी वारली तेव्हा पासपोर्ट द्यायला अकरा दिवस लावले. मामू पोचले तोवर चाळीसाव्याची तयारी सुरू झाली होती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादी सिस्टीम सारखी एकाच जागी बंद पडत असेल, तर आम्ही तिथे बसलेल्या माणसाचा स्वभाव तपासत नाही, सिस्टीमची रचना तपासतो. कफाला ही अशीच एक रचना आहे. परदेशी कामगाराचं तिथलं राहणं एका मालकाशी, म्हणजे कफीलशी, बांधलेलं. नोकरी बदलायची किंवा देश सोडायचा, तर कफीलची मंजुरी. काम सोडून गेलात आणि त्याने तशी तक्रार केली, तर ‘हुरूब’, म्हणजे तुम्ही फरारी. मालक भला असेल तर हे जाणवतसुद्धा नाही. भला नसेल तर दार उघडण्याची किल्ली फक्त त्याच्याच खिशात असते. मार्च २०२१ पासून सौदीने खासगी क्षेत्रातल्या कामगारांसाठी हे नियम बरेच सैल केले, पण त्या सुधारणेतून घरकामगार, शेतावर राबणारे आणि मेंढपाळ वगळले. म्हणजे नेमका नजीबच बाहेर राहिला.

शेवटाकडे एक प्रसंग आहे. नजीब स्वतःहून पोलिसांच्या ताब्यात गेलाय, कारण पकडलं गेलं तरच घरी पाठवतील. तुरुंगात कैद्यांना रांगेत उभं करतात आणि मालक येऊन आपापला पळालेला माणूस ओळखतात. तो वाळवंटातला मालकही येतो. नजीबच्या समोर थांबतो, आणि पुढे निघून जातो. का, तर नजीब त्याच्या व्हिसावर आलेलाच नव्हता, नाही तर त्याला फरफटत परत नेलं असतं. तीन वर्षांचं आयुष्य गेलं ते अशा माणसाच्या ताब्यात, ज्याचा कागदोपत्री त्याच्याशी काहीच संबंध नव्हता. मामू इथे सरसावून बसले. म्हणाले, “ह्याच्यावरच पिक्चर काढायला पाहिजे होता.”

आपल्या घरांत अशा कहाण्या सांगितल्या जातात त्या सब्राच्या कहाण्या म्हणून. तकदीर होती, सब्र केला, अल्लाहने सोडवलं. नजीबच्या सब्राला मी नावं ठेवणार नाही, तिथे दुसरं काही उरलंच नव्हतं. पण विमानात बसण्याआधी सब्राचं काय काम होतं? तेव्हा गरज होती ती कागद वाचणाऱ्याची.

आणि इथे मला आपल्या एका गोष्टीची फार बोचणी लागते. कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात पोरं सात-आठ वर्षांची असताना कायदा संपवून नाजिरा कुराण सुरू करतात. अरबी अक्षरं आपल्याला येतात, अर्थ येत नाही. नजीबही मुसलमान आहे, नमाज अरबीतच पढणारा, आणि मालक काय ओरडतोय ते त्याला कळत नाही. सिनेमा पाहताना मला त्या फटक्यांपेक्षा हे जास्त लागलं.

गेल्या महिन्यात खालाच्या मुलाने मला व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ पाठवलं. वय चोवीस, आयटीआय झालेला, लग्नाला पाच महिने. एजंटने सांगितलंय एसी टेक्निशियनचं काम, आणि व्हिसा ‘आझाद’. आझाद व्हिसा हा आपल्याकडचा लाडका शब्द. कागदावर एक कफील असतो, त्याच्याकडे काम नसतं, तुम्ही बाहेर कुठेही मिळेल ते करायचं आणि कफीलला दरवर्षी पैसे द्यायचे. असा प्रकार कायद्यात कुठेच नाही. पकडलं तर गुन्हेगार कामगारच. मी फोनमधल्या भाषांतराच्या अॅपने व्हिसा वाचला. पेशाच्या रकान्यात होतं ‘आमिल’. आपल्याकडे आमिल म्हणजे तावीज देणारा, तिथे आमिल म्हणजे मजूर. एसी कुठेही नाही.

मग मी एजंटचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधलं. नोंदणीकृत एजंटांची यादी तिथे कुणालाही बघता येते, दहा मिनिटांचं काम. त्यात हे साहेब नव्हते. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय कामगारभरती करताच येत नाही, आणि नोंदणी असली तरी सेवाशुल्काची मर्यादा तीस हजार रुपये अधिक जीएसटी आहे. यांनी मागितले होते एक लाख साठ हजार. पासपोर्टचीही एक मेख आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ शिक्का असतो, आणि आखाती देशांत कामाला जाताना त्यांचे कागद सरकारी कार्यालय तपासतं. आपला पोरगा दहावी पास, म्हणून त्याला ती तपासणी नाही. सरकार धरून चालतं की शिकलेला माणूस आपला कागद स्वतः वाचेल.

मी त्याला ‘जाऊ नको’ म्हटलेलं नाही. माझं शिक्षण मामूंच्या रियालांवर झालं आहे. हॉस्टेलची फी, पहिला लॅपटॉप, सगळं. पुण्यात बसून कुणाला ‘इथेच काहीतरी कर’ म्हणण्याचा अधिकार मला नाही. आखाताने कोकणात घरं उभी केली, मुली शिकवल्या, केरळमध्ये तर अख्खा समाज बदलला. पण केरळने ते नुसतं नशिबावर सोडलं नाही. परदेशस्थ मल्याळींसाठी तिथे १९९६ पासून वेगळं सरकारी खातं आहे, नोर्का. आपल्या मोहल्ल्यात इंजिनिअर आहेत, वकील आहेत, अरबी शिकलेले मौलानाही आहेत. जुम्याच्या नमाजानंतर अर्धा तास तिघांनी मशिदीच्या ओट्यावर बसून पोरांचे व्हिसे वाचून दिले, तर कुणाच्या परवानगीची गरज पडेल? मी जमातीच्या सदरांना विचारलंय. “बघू” म्हणालेत.

सैनूबद्दल सिनेमात फार नाही. नदी, पाऊस, आठवणी, त्यात ती सुंदर दिसते. नजीबची पत्रं येत नाहीत त्या काळात ती कुणाकडे चौकशीला गेली, उधारी कुणी मागितली, बाळंतपण कुणी केलं, हे आपल्याला कळत नाही. मामींना मी हे म्हटलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, “ते दाखवलं असतं तर तीन तास पुरले नसते.” खालाच्या सुनेला मात्र मी मुद्दाम सांगितलंय की व्हिसाची, कराराची आणि पासपोर्टची एकेक प्रत तिच्याही फोनमध्ये पाहिजे. ती बी.कॉम. आहे, आणि आजवर तिला यातलं कुणी काही दाखवलं नव्हतं.

परवा दुसऱ्या, नोंदणीकृत एजंटकडून नवा कागद आला. खाला मोहल्ल्यातल्या मुलींना कुराण शिकवते. तिने चष्मा लावून पेशाचा रकाना हिज्जे करत वाचला, ऐन, अलिफ, मीम, लाम. मग मला फोन केला, “अरे, यावरही आमिलच लिहिलंय.”