सही झाली, अनुसमर्थनाचे काय?

दोन देशांच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या की 'करारावर शिक्कामोर्तब' असा मथळा देऊन आम्ही वृत्तपत्रवाले मोकळे होतो. एफ्टा राष्ट्रांशी भारताचा व्यापार करार १० मार्च २०२४ रोजी स्वाक्षरित झाला. अमलात आला तो १ ऑक्टोबर २०२५ रोजी. सही आणि अंमल यांच्यामध्ये जी औपचारिक संमती द्यावी लागते, तिला राजभाषेत 'अनुसमर्थन' म्हणतात. इंग्रजी 'रॅटिफाय' या क्रियापदासाठी घडवलेला हा शब्द.

'रॅटिफाय'चे मूळ लॅटिन. 'रातुस' म्हणजे हिशेबाअंती पक्के ठरलेले, 'फाकेरे' म्हणजे करणे. फ्रेंचमार्गे तो चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. 'अनुसमर्थन' जिभेला जड खरा, पण त्यातील 'अनु', म्हणजे मागाहून, नेमका आहे. शिवकालीन पत्रात आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटे. मोर्तबाखाली कोणास ओळ घुसडता येऊ नये, हा हेतू. तेव्हा शिक्कामोर्तब हा शब्द सहीपेक्षा अनुसमर्थनालाच अधिक शोभतो.

गोमंतकीयांना हा फरक परका नसावा. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या तहावर पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ रोजी सही केली. तो अमलात आला अनुसमर्थनानंतर, ३ जून १९७५ रोजी. मान्यता मात्र हे प्रदेश राज्यघटनेनुसार भारताचे भाग झाले, त्या तारखांपासूनची.

अमेरिकेत तहाला सिनेटच्या दोन-तृतीयांश मतांची संमती लागते. आपल्याकडे अनुसमर्थन हा सरकारचा अधिकार. संसदेचे काम येते ते कराराच्या पूर्ततेसाठी कायदा करण्यापुरते. तिथेच गाडे अडते. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, अनुसमर्थन केले नाही. त्यासाठीचे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत संमत झाले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे धाडले आणि लोकसभेची मुदत संपताच ते व्यपगत झाले. विधी आयोगाने २०१७ मध्ये अनुसमर्थनाची शिफारस केली, सोबत विधेयकाचा मसुदाही दिला.

कोठडीत मार खाणाऱ्याला या सहीचा उपयोग नाही, हे उघडच आहे. सरकारलाही तिची झळ बसते: पुरुलिया शस्त्रप्रकरणातील आरोपीला भारताच्या हवाली करण्यास डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला, तो इथे त्याचा छळ होण्याच्या भीतीपोटीच.