सल्लागाराची खातेवही

दिवाळीला घरी आलेला मुलगा चिवड्याची बशी पुढे ओढतो आणि सुस्कारा सोडतो, "काका, पगार उत्तम आहे, पण कामात मन लागत नाही. समाजासाठी काहीतरी करावंसं वाटतं." वाशीम, रिसोड, कारंज्याच्या कितीतरी घरांत हे वाक्य हल्ली ऐकू येते. मुलगा मुंबई-पुण्याच्या एखाद्या सल्लागार कंपनीत असतो. दुसऱ्यांनी आपला धंदा कसा करावा, हे सांगणे हाच त्याचा धंदा!

त्याच्या सुस्काऱ्याची मी थट्टा करणार नाही. तो खोटा नसतो. माझे भांडण आहे ते त्यावरच्या प्रचलित औषधाशी. अकरा महिने धनिकांना सल्ला द्यायचा आणि बाराव्या महिन्यात एखाद्या मागास जिल्ह्याला विनामूल्य अहवाल लिहून द्यायचा. समाजसेवा म्हणजे जणू जेवणानंतरची बडीशेप!

आमचा जिल्हा अशा पुण्यकर्माला फार सोयीचा. १ जुलै १९९८ रोजी तो अकोल्यापासून वेगळा झाला आणि २०१८ साली नीती आयोगाच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबादच्या पंक्तीला बसला. आरोग्य, शिक्षण, शेती, पाणी अशा विषयांचे ४९ निर्देशांक, त्यांवरून लागणारे क्रमांक! मोजणीला मी नावे ठेवीत नाही. कोणत्या गावची मुले अशक्त आहेत, हे मोजल्यावाचून कळत नाही. आणि घरच्याला न दिसणारे पुष्कळदा परक्याला दिसते, हेही मान्य. पण क्रमांक वर गेला म्हणजे माणूस वर आला, असे मात्र नव्हे.

खरा प्रश्न निराळाच आहे. सल्ला चुकला तर भोगायचे कोणी? इथली शेती बहुतांशी कोरडवाहू. सांगितलेले बियाणे उगवले नाही, किंवा ऐन काढणीत सोयाबीन भिजले, तर घाटा शेतकऱ्याचा. सल्लागार तोवर दुसऱ्या जिल्ह्यात नवा अहवाल लिहीत असतो. आमच्या भूमीवरचे पाणी काही तापीच्या खोऱ्यात उतरते, काही पैनगंगेवाटे गोदावरीकडे जाते. इथे थांबत नाही ते पाणी, आणि तशीच शिकलेली पोरे!

विलासराव साळुंखे पुण्याचे अभियंते आणि कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी पुरंदर तालुका पाहिला. अहवाल लिहून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी नायगावला देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि पाणी अडवून ती पिकवून दाखविली. १९७४ साली ग्रामगौरव प्रतिष्ठान उभे केले. त्यातून 'पाणी पंचायत' निघाली: पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर वाटायचे, माणशी अर्ध्या एकरापुरते, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. हा सल्लाच होता, पण देणाऱ्याने तो आधी स्वतःच्या अंगावर घेतला होता.

"मग आम्ही सगळ्यांनी नोकऱ्या सोडाव्या की काय?" मुलगा चिडून विचारील. नाही, बाबा! नोकरी कर, पैसे मिळव. पण एकच गाव धर आणि तीन खरीप हंगाम सोडू नकोस. तुझा अहवाल मराठीत लिही आणि ग्रामसभेत उभा राहून वाच. पुढच्या वर्षी त्याच सभेत जाऊन काय चुकले तेही वाच. चुकीची थोडी झळ तुझ्याही खिशाला लागू दे. ज्या कामात आपले काहीच बुडत नाही, त्यात मन कसे लागावे?

लक्ष्मीपूजनाला आपण वही पूजतो. तिला दोन बाजू असतात, जमेची आणि नावेची. आजच्या सल्लागाराच्या वहीत जमेचीच बाजू लिहिलेली. नावेची बाजू कुठेतरी मानोऱ्याच्या शेतकऱ्याच्या वहीत पडलेली. या दिवाळीला ती बाजू आपल्या वहीत उतरवून घेण्याचे धैर्य ज्याला होईल, त्याला आयुष्याचा अर्थ शोधीत हिंडावे लागणार नाही.