दिव्या देशमुख 'जगज्जेती' का नाही?
वर्ध्याशेजारच्या नागपूरची दिव्या जुलै २०२५ मध्ये बातुमीत महिला विश्वचषक जिंकली आणि 'जगज्जेती' अशा पोस्ट फिरल्या. तशी ती नाही. विश्वचषकातून कँडिडेट्समध्ये प्रवेश मिळतो. कँडिडेट्स जिंकणारी विद्यमान जगज्जेतीशी सामना खेळते.

गंमत म्हणजे २०१८ पर्यंत महिलांचा किताब अशा नॉकआउटमध्येही ठरायचा. तो नियम असता, तर कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवताच मुकुट दिव्याचा होता!

मग सामना कशाला? नॉकआउटमध्ये एक वाईट दिवस आला की गाशा गुंडाळा. २०२४ मध्ये गुकेश आणि डिंग मात्र १४ डाव भिडले. आनंदने तर नॉकआउट (२०००), साखळी स्पर्धा (२००७) आणि सामना (२००८) तिन्हींत किताब मिळवला. तरी शंकेखोर गप्प बसले ते क्रामनिकला सामन्यात हरवल्यावरच.